लावणीचे खाडे: उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचं प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेत आषाढाचा पाऊस लागून राहिला, की फौंड्रीच्या ऑफिसात सकाळी पहिली चौकशी हजेरीची होते. मोल्डिंगला म्हणजे साचे भरायला किती आले, साच्यात बसणारे वाळूचे गाभे करणाऱ्या कोअर शॉपला किती, ओतायला माणसं पुरतील का. खानापूर तालुका, बेळगावची पश्चिमेकडची गावं आणि हद्दीपलीकडचा चंदगड या पट्ट्यातले कामगार भात लावणीच्या दिवसांत खाडे करतात, हे इथल्या कारखानदारांना पाठ आहे. दिवाळीच्या सुमारास सुगी आली की पुन्हा तेच. ‘ही माणसं अशीच’ असं म्हणून विषय बहुतेक ठिकाणी तिथंच मिटतो. एका फौंड्रीत तो मिटला नाही, पुढे गेला. त्या फौंड्रीचं हे प्रकरण.

कारखान्याचं नाव देत नाही. मी मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय घेऊन एम.बी.ए. करत होते आणि प्रकल्पासाठी तिथे गेले. मॅनेजमेंटने विषय दिला होता, ‘गैरहजेरी कमी करण्याचे उपाय’. पुढे तिथल्याच एच.आर. खात्यात नोकरी लागली, म्हणून दोन पावसाळे जवळून पाहता आले. हे घडलं तेव्हा जुने कामगार कायदेच लागू होते, नव्या संहिता यायच्या होत्या. वर्गात शिकलेल्यापैकी काय कामाला आलं आणि काय अपुरं पडलं, हे मला या दोन पावसाळ्यांनी दाखवलं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. आपण कधी येणार नाही, हे कामगाराला आधी माहीत होतं. ऑफिसला माहीत नव्हतं. आणि त्यानं ते ऑफिसला सांगू नये, अशी व्यवस्था ऑफिसच्याच नियमांनी करून ठेवली होती.

एक माणूस कमी पडला तर

कारखाना पंप, व्हॉल्व्ह आणि हायड्रॉलिक यंत्रांना लागणारी बिडाची कास्टिंग्ज करतो. पटावर शंभराहून थोडे अधिक कामगार, शिवाय कंत्राटदाराची माणसं. विजेवरच्या इंडक्शन भट्टीत वितळलेल्या लोखंडाचा रस चौदाशे अंशांच्या वर जाईपर्यंत मोल्डिंगच्या बाजूला साचे तयार हवेत. साचे कमी पडले तर रस भट्टीतच धरून ठेवावा लागतो. वीज जळत राहते आणि रसाचं रसायन बदलत जातं. एस.जी. आयर्न या चिवट बिडाची हीट, म्हणजे एका वेळचं वितळण, असेल तर आणखी पंचाईत. मॅग्नेशियमची प्रक्रिया झाल्यावर रस काही मिनिटांत साच्यात पडला पाहिजे, नाहीतर मॅग्नेशियमचा असर उतरतो आणि कास्टिंग रिजेक्ट होतं. लॅडलवरचा, म्हणजे रस साच्यात ओतायच्या पात्रावरचा, एक माणूस आला नाही, तर त्याच्या रोजाच्या कितीतरी पट माल भंगारात जाऊ शकतो.

त्याच्या जागी कुणालाही उभं करता येत नाही. ओली वाळू मुठीत दाबून तिच्यात पाणी कमी आहे की जास्त, हे सांगणारा मोल्डर वर्षानुवर्षांच्या हाताच्या सवयीनं घडलेला असतो. बदली माणूस साचा भरून देतो, पण मशीनिंगला गेल्यावर आतून ब्लो होल, म्हणजे वायूनं पडलेली पोकळ भोकं, निघतात. तोवर बिल झालेलं असतं आणि गिऱ्हाईक माल परत पाठवतं.

तेव्हा मालकांचा वैताग खरा होता. हे मुद्दाम लिहिते, कारण एच.आर. शिकणाऱ्या मुलामुलींना कामगाराची बाजू चटकन दिसते. ज्याच्या डोक्यावर डिस्पॅचची तारीख आहे, त्याची बाजूही तितक्याच आस्थेनं ऐकावी लागते. ती ऐकली नाही तर आपण सुचवलेला कुठलाही उपाय मोल्डिंग शॉपच्या दारातच अडतो.

आधी काय करून झालं होतं

पहिला उपाय हजेरी बक्षिसाचा होता. महिन्यात एकही खाडा नसेल तर पगाराबरोबर ठरावीक रक्कम. पगारपत्रकं काढून पाहिली. एरवीच्या महिन्यांत जे नियमित यायचे त्यांनाच ते मिळत होतं, आणि ते बक्षिसाशिवायही आले असतेच. जुलैत मात्र पहिल्या आठवड्यात एक खाडा पडला की महिन्याचं सगळं बक्षीस बुडालं. मग उरलेल्या तीन आठवड्यांत येण्याचं वेगळं कारणच उरत नव्हतं. एकदा गेलंच आहे तर घरचं काम पुरतं उरकून यावं, हा सरळ हिशेब. व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ मध्ये मांडलेला अपेक्षेचा सिद्धांत आम्ही परीक्षेपुरता घोकला होता: फळ आपल्या हाती लागेल असं वाटलं तरच माणूस त्यासाठी धडपडतो. इथे महिन्याच्या पाच तारखेलाच फळ हातचं गेलेलं असायचं. खाडे थांबवण्यासाठी आणलेलं बक्षीस नेमक्या अडचणीच्या महिन्यात खाडे वाढवत होतं.

दुसरा उपाय मेमोचा. तो इंग्रजीत टाइप केलेला असे. घेणारा सही करून, घडी घालून खिशात ठेवी. कारखान्यातल्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात, असं तेव्हा लागू असलेला १९४८चा कारखाना कायदा सांगत होता. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की सगळे सावध होतात, म्हणून बहुतेक ऑफिसं इंग्रजीच्या आड बसतात. याचा परिणाम असा, की मेमो देण्यातून शिक्षा पोचते आणि तिचं कारण पोचत नाही.

तिसरा उपाय म्हणजे वर्क्स मॅनेजरांनी केलेली एक यादी. सगळ्यात जास्त खाडे असलेल्यांची नावं, वरपासून खालपर्यंत. ऑफिसात तिला ‘खाडेबहाद्दरांची यादी’ म्हणत. बढती, उचल, मुलाला कामावर लावण्याची विनंती, सगळ्या वेळी ती यादी बाहेर निघायची.

हजेरीपट गावाप्रमाणे लावला तेव्हा

यादी नावाप्रमाणे होती. मी तेच हजेरीपट गाव आणि तारीख यांप्रमाणे लावून पाहिले. त्यासाठी वेगळी अक्कल लागत नाही. कामगाराचा पत्ता प्रत्येकाच्या फाइलमध्ये असतो, पण हजेरीच्या वहीत तो नसतो, एवढंच.

एकाच गावचे तिघे-चौघे, कुणी मोल्डिंगचा, कुणी भट्टीचा, कुणी स्टोअरचा, एकाच दिवशी गैरहजर. दुसऱ्या दिवशीही तेच. मग ते कामावर, आणि शेजारच्या गावचे गैरहजर. सगळ्यांच्या अर्जावर कारण एकच, ताप. एकेका माणसाच्या स्वभावाचा दोष असता, तर खाडे असे गावागणिक आणि ठरावीक दिवशी पडले नसते.

कारण माहीत असणारा माणूस गावाकडचा असायला हवा. मी खानापूरकडची, म्हणून मला ते ओळखायला वेळ लागला नाही. हा पैरा होता. लावणीला एका घरची माणसं पुरत नाहीत, आणि मजूर त्या आठवड्यात सगळ्यांनाच हवे असतात. म्हणून आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. रोप काढणं, चिखलणी आणि लावण एका दमात व्हावी लागते. काढलेलं रोप फार काळ ठेवता येत नाही आणि चिखल आळला की लावण जमत नाही. पाऊस पडला की गावात संध्याकाळी ठरतं, उद्या कुणाचं, परवा कुणाचं. ज्याच्याकडे माणसं येऊन गेली त्यानं पैरा फेडायलाच हवा. नाही फेडला तर सुगीला त्याच्या खळ्यावर कुणी येत नाही, आणि घरात लग्न निघालं तरी त्या गोष्टीची आठवण काढली जाते.

फौंड्रीतलं हजेरी बक्षीस या व्यवहाराशी टक्कर देत होतं. एका महिन्याच्या काहीशे रुपयांसाठी वर्षभराची माणसं कोण तोडेल? इथे कामगाराचं वागणं पुरतं हिशेबी आहे. आपल्याला त्याच्या हिशेबातली एक बाजू दिसत नाही, म्हणून ते बेजबाबदार वाटतं.

आणखी एक गोष्ट पट गावाप्रमाणे लावल्यावरच दिसली. सगळे भात उत्पादक सारखे नव्हते. बेळगावलगतच्या बऱ्याच गावांत धूळवाफ पेरणी होते. पावसाआधी कोरड्यात पेरून मोकळे होतात. त्यांना जुलैत भांगलणी असते, पण ती दोन-चार दिवस इकडेतिकडे चालते. तिथल्या कामगारांचे खाडे तुरळक आणि पसरलेले. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आणि चंदगडकडे, जिथे रोप लागवड आहे, तिथले खाडे दाट आणि एकगठ्ठा. म्हणजे ‘शेतीमुळे गैरहजेरी’ हे निदानसुद्धा ढोबळ ठरलं असतं. शेती कुठली, कशी केलेली, हे विचारावं लागलं.

विचारून गेलेल्याला मेमो

पैरा कळल्यावरही एक प्रश्न राहत होता. उद्या आपल्याला जायचं आहे हे संध्याकाळी ठरतं. मग निदान रात्री सुपरवायझरला फोन का करत नाहीत? कँटीनमध्ये, चहाच्या वेळी, मी हे बऱ्याच जणांना विचारलं. मोल्डिंगमधल्या एका जुन्या मामांनी दिलेलं उत्तर पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरलं. ते म्हणाले, “विचारलं तर साहेब न्हाई म्हणणार. न्हाई म्हटल्यावर गेलो तर ‘सांगूनसुद्धा गेला’ म्हणून मेमो. न विचारता गेलो तर ताप.”

हे वाक्य मी अनेकदा तपासून पाहिलं. मेमोंच्या फायलीत ते तंतोतंत खरं निघालं. रजा मागून, नाकारली गेल्यावर राहिलेल्यांना ‘आज्ञाभंग’ म्हणून मेमो होते. न सांगता राहून तापाचा अर्ज दिलेल्यांना फार तर एका दिवसाचा पगार कापलेला. खरं बोलणाऱ्याला जास्त शिक्षा आणि खोटं बोलणाऱ्याला कमी, अशी ती रचना होती. कुणी मुद्दाम केलेली नव्हती. सुपरवायझर, टाइमऑफिस आणि अकाउंट्स यांनी आपापल्या जागी योग्य वाटेल ते केलं होतं, आणि त्याची बेरीज ही झाली होती.

कायद्याची रजाही इथे कामाला येत नव्हती. कारखाना कायद्याच्या ७९व्या कलमाप्रमाणे वर्षात २४० दिवस काम केलेल्याला पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळत असे. पण तिच्यासाठी १५ दिवस आधी लेखी अर्ज करावा लागे, आणि वर्षातून जास्तीत जास्त तीन वेळा. जुलैचा पाऊस कुठल्या दिवशी चिखलणीजोगा पडेल, हे पंधरा दिवस आधी कुणाला सांगता येईल? त्यामुळे रजा खात्यात पडून राहायची आणि माणूस बिनपगारी राहायचा. आजारपणाला मात्र पंधरा दिवसांची अट नव्हती. तापाचे अर्ज का इतके, याचं हेही एक उत्तर होतं.

आम्हाला वर्गात हर्झबर्ग शिकवला होता: पगार, नियम, देखरेख हे असमाधान टाळणारे घटक, आणि काम, मान, वाढ हे प्रेरणा देणारे. त्या चौकटीतून पाहिलं असतं तर मी ‘प्रेरणा वाढवा’ असं लिहून अहवाल दिला असता. या माणसांची प्रेरणा कमी नव्हती. पावसात भिजत, वडाप धरून, हद्द ओलांडून पहिल्या पाळीला येणारी माणसं ती. मला जास्त उपयोग झाला तो जेराल्ड लेव्हेंथल यांच्या मांडणीचा. निर्णय न्याय्य वाटण्यासाठी तो ज्या पद्धतीनं घेतला जातो तिचे सहा निकष त्यांनी १९८० मध्ये सांगितले: सर्वांना सारखा लागू, पूर्वग्रह नसलेला, खऱ्या माहितीवर आधारलेला, चुकला तर दुरुस्त करता येणारा, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांचं म्हणणं घेणारा आणि नीतीला धरून. रजेची जुनी पद्धत यातल्या ‘खरी माहिती’ या एकाच निकषावर कोसळत होती, आणि बाकीचं सगळं तिच्या पाठोपाठ.

समितीची बैठक

शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला सरकार वर्क्स कमिटी, म्हणजे कामगार आणि मालक यांच्या प्रतिनिधींची समिती, नेमायला सांगू शकत असे, अशी तरतूद १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. इथे कमिटी होती. तिच्या बैठकीच्या वहीत पिण्याचं पाणी, बूट आणि गणपतीची वर्गणी याखेरीज काही नव्हतं. ७९व्या कलमातच एक वाट होती, जिच्याकडे सहसा कुणी पाहत नसे: काम अखंड चालावं म्हणून व्यवस्थापनाला कमिटीच्या संमतीनं रजेची योजना आखून ती मुख्य कारखाना निरीक्षकांकडे दाखल करता येत असे. या आधारावर विषय कमिटीपुढे गेला.

बैठक मराठीत सुरू झाली आणि पहिल्या दहा मिनिटांत अडली. बैलहोंगल, सौंदत्तीकडचे कन्नड बोलणारे कामगार प्रामुख्यानं कोअर शॉप आणि मशीनवर होते. त्यांचा सूर असा होता, की लावणीवाल्यांना सवलत देणार आणि त्यांच्या वाटचं काम आमच्या माथी मारणार. ही भीती अगदी रास्त होती. ॲडम्स यांचा समन्यायाचा सिद्धांत हेच सांगतो, की माणूस आपल्याला काय मिळालं हे एकटं मोजत नाही, शेजाऱ्याच्या वाट्याशी ताडून मोजतो. त्यानंतरची बैठक दोन्ही भाषांत झाली. एक वाक्य मराठीत, तेच कन्नडमध्ये. वेळ दुप्पट लागला, आणि तो लागू दिला हे बरं झालं.

कारण दुसऱ्या बैठकीत पूर्वेकडच्यांनी आपलं वर्ष सांगितलं. त्यांची काळी जमीन. रब्बीची जोंधळा-हरभऱ्याची पेरणी पाऊस ओसरताना, काढणी शिशिरात. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला. जुलैत ते मोकळे असतात. त्यांच्या गर्दीच्या दिवसांत पश्चिमेकडचे मोकळे. बेळगाव जिल्हा पश्चिमेला सह्याद्रीच्या पावसात आणि पूर्वेला पठारावर कोरडा, हे शाळेच्या भूगोलात असतं. त्या भूगोलाचा कारखान्याला उपयोग होऊ शकतो, हे त्या दिवशी टेबलावर आलं. तोवर तो उपयोग झाला नव्हता, कारण प्रत्येक सुपरवायझरनं आपल्या ओळखीची, आपल्या बाजूची माणसं आपल्या खात्यात भरली होती. अख्खं मोल्डिंग एका पावसाच्या पट्ट्यातलं झालं होतं. भरतीची ही सवय कारखान्याच्या सगळ्यात मोठ्या जोखमीचं कारण होती, आणि ती कुठल्याही अहवालात आली नव्हती.

ठरलं ते असं. लावणी आणि सुगीच्या दिवसांत स्वतःच्या खात्यातली पगारी रजा आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगून घेता येईल. तोंडी सांगितलं तरी चालेल, टाइमऑफिस नोंद करील. प्रत्येक खात्यातून एका दिवशी किती जण जाऊ शकतात याची मर्यादा राहील. मर्यादेपेक्षा जास्त जणांनी मागितली तर कोण जाणार, हे त्या खात्यातले कामगार आपसात ठरवतील, सुपरवायझर नाही. हजेरी बक्षीस टप्प्याटप्प्यानं कमी होईल, एका खाड्यानं सगळं जाणार नाही, आणि सांगून घेतलेली रजा खाडा धरली जाणार नाही. पूर्वेकडच्यांना यात्रा आणि पेरणी-काढणीसाठी हीच सवलत त्याच अटींवर. फलकावर सगळं मराठी आणि कन्नडमध्ये.

दोन गोष्टी उत्पादनाच्या बाजूनं झाल्या. कोअर शॉपमधल्या काही जणांना मोल्डिंग आणि लॅडलचं काम शिकवायला घेतलं, पावसाळ्याच्या पुष्कळ आधी, उन्हाळ्यात. आणि भट्टीचं लाइनिंग, म्हणजे आतला उष्णता सोसणारा थर, बदलण्याचं काम, जे एरवी जमेल तेव्हा काढलं जायचं, ते शक्य तेवढं लावणीच्या भरात घ्यायचं ठरलं. लाइनिंग ठोकून, भाजून होईपर्यंत ती भट्टी तशीही बंदच असते.

सुपरवायझर

या योजनेला सगळ्यात जास्त विरोध सुपरवायझरांचा झाला. रजा देणं-नाकारणं ही त्यांच्या हातातली एकमेव सत्ता होती. पगार ते वाढवू शकत नव्हते, बढती देऊ शकत नव्हते. ‘तुला सोडतो, पण रविवारी ये’ असं म्हणता येणं, एवढंच त्यांच्याकडे होतं, आणि त्या जोरावर ते अडलेलं काम रेटून नेत. ते आम्ही काढून घेतलं. त्यांच्यातले दोघे मला सरळ म्हणाले, “मॅडम, टार्गेट आमचं आणि रजा त्यांच्या मर्जीची, हे कसं जमायचं?”

हा प्रश्न बरोबर होता, आणि कमिटीकडे त्याचं उत्तर नव्हतं. उत्तर वर्क्स मॅनेजरांना द्यावं लागलं. जुलै आणि सुगीच्या महिन्याचं टार्गेट इतर महिन्यांइतकंच ठेवायचं आणि माणसं कमी धरायची, हे एका माणसावर दोन्ही बाजूंनी ओझं टाकणं आहे. त्या महिन्यांचं टार्गेट कमी करून मे-जूनमध्ये साठा वाढवायचा, असं ठरायला मालकांशी बरीच रदबदली झाली. साठ्यात पैसा अडकतो, व्याज चढतं. शेवटी रिजेक्शनचा खर्च आणि साठ्याचं व्याज शेजारी शेजारी मांडल्यावर ते तयार झाले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा निर्णय हा होता. कुठल्याही रजेच्या धोरणाला उत्पादनाच्या आकड्यात जागा मिळाली नाही, तर ते धोरण सुपरवायझरच्या रागावर येऊन थांबतं. एच.आर.च्या पाठ्यपुस्तकात मनुष्यबळ नियोजन आणि रजा ही दोन वेगळी प्रकरणं असतात. त्यांना एकमेकांपासून तोडलं की दोन्ही निकामी होतात.

दोन पावसाळे

पहिल्या पावसाळ्यात खाड्यांचा गोंधळ दिसण्याइतका कमी झाला. मालक खूश होते. मी थोडी धास्तावले होते. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग एच.आर.चा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. तिथे प्रकाश वाढवला तरी उत्पादन वाढलं आणि कमी केला तरी वाढलं, आणि त्यातून एक अर्थ असा काढला गेला, की आपल्याकडे कुणी लक्ष देतंय याचाच तो परिणाम असावा. त्या प्रयोगांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले. तरी सावधगिरी म्हणून ते उपयोगी आहेत. इथेही पहिल्या वर्षी बैठका झाल्या होत्या, मालक स्वतः खाली येऊन बोलले होते, नव्याची नवलाई होती.

दुसऱ्या वर्षी पाऊस लांबला. रोपं तयार, शेतात पाणी नाही. मग एकदम धरला, आणि सगळ्या गावांची लावणी एकाच आठवड्यात आली. योजनेतली मर्यादा पहिल्याच दिवशी भरली. मोल्डिंगमधल्यांनी आपसात बसून ठरवलं: ज्याच्या घरी आज माणसं येणार आहेत त्याला सोडायचं, जो दुसऱ्याचा पैरा फेडायला चालला आहे त्यानं घरचं दुसरं माणूस पाठवता येतंय का पाहायचं. ऑफिसला असा भेद कधीच करता आला नसता. त्या आठवड्यात काही जण मर्यादेबाहेर राहिलेच, पण आदल्या दिवशी सांगून राहिले. एक भट्टी लाइनिंगसाठी बंद होती, दुसरीच्या हीट कमी करून घेतल्या, उन्हाळ्यात शिकलेले कोअर शॉपचे दोघे लॅडलवर उभे राहिले. साच्यांसाठी रस अडकून पडला नाही.

गैरहजेरीचे एकूण दिवस फार कमी झाले का? नाही. भात आहे तोवर लावणी आहे. प्रकल्पाच्या शीर्षकाप्रमाणे पाहिलं तर यश माफकच म्हणावं लागेल. बदललं ते एवढं, की उद्या कोण नसणार हे आज दुपारी समजू लागलं, आणि फौंड्रीचं नुकसान मुख्यतः न समजण्यातून होत होतं. तापाचे अर्ज जवळजवळ थांबले.

ज्यांना ही रजा मिळाली नाही

लावणी मुख्यतः बायका करतात. चिखलणी पुरुषांची, वाकून रोप लावणं बायकांचं. म्हणजे पैऱ्यात ज्यांच्यावाचून अडतं, त्या कोअर शॉपमध्ये कोअर घासायला, रंगवायला असलेल्या बायका. त्या हंगामी म्हणून लावलेल्या. मधे खंड पडत असल्यानं बहुतेकींचे २४० दिवस भरत नव्हते, आणि मग रजेचं खातंच उघडत नव्हतं. योजना ‘स्वतःच्या खात्यातल्या रजेवर’ उभी होती, त्यामुळे ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. त्यांचे खाडे पूर्वीप्रमाणेच बिनपगारी राहिले. कमिटीत एकही बाई नव्हती. असती तर पहिल्याच बैठकीत हे निघालं असतं.

फेटलिंगला, म्हणजे ओतून निघालेली कास्टिंग्ज घासून साफ करायला, ओडिशा, बिहारकडची मुलं कंत्राटदारामार्फत. धूळ आणि आवाज यांमुळे हे काम इथले करायला तयार नसतात. जुलैत इतर खात्यांतली वरकड कामं त्यांच्यावर पडत होती, आणि जादा तासांचा पगार एकेरी दरानं मिळत होता. दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांपलीकडे काम झालं तर दुप्पट दर, असं कारखाना कायद्याचं ५९वं कलम सांगत होतं. शिवाय त्या कायद्याच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत लागलेला माणूसही कामगारच होता. म्हणजे ७९व्या कलमाची रजा त्यालाही होती, छठ पूजेला गावी जाण्यासाठी ती मागण्याचा हक्कही होता. कंत्राटदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे तेव्हाच्या १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होतं. आमच्या ऑफिसात त्यांच्याविषयी कुणी विचारलं की ‘ते कंत्राटदाराकडे’ असं उत्तर मिळायचं. त्यांचा हजेरीपटसुद्धा कंत्राटदाराच्या वहीत होता. मी गावाप्रमाणे पट लावला तेव्हा ती वही माझ्यासमोर नव्हतीच.

दुसऱ्या पावसाळ्यानंतरच्या बैठकीत मी तीन मागण्या लिहून दिल्या: कोअर शॉपमधल्या बायकांची नोकरी खंड न पाडता सलग धरावी, कमिटीवर त्यांची एक प्रतिनिधी घ्यावी, आणि फेटलिंगच्या मुलांची हजेरी, जादा तास आणि रजा यांची नोंद कारखान्याच्या टाइमऑफिसनं ठेवावी. दुसरी मागणी त्याच दिवशी मान्य झाली. तिसरीवर कंत्राटदाराला बोलावून चर्चा झाली आणि दुप्पट दराचा हिशेब चालू महिन्यापासून लागू झाला, मागचा बाकी राहिला. पहिल्या मागणीला मालकांनी खर्चाचा हिशेब मागितला. तो हिशेब मी कोअर शॉपच्या नव्या प्रतिनिधीबरोबर बसून केला. तिनं त्यात स्वतःहून एक रकाना वाढवला: दर खंडानंतर नवी बाई शिकवण्यात किती कोअर फुटतात.